मेनच्या आधी कोण चाललं?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की जावा भाषेतला प्रोग्राम मेन नावाच्या मेथडपासून (मेथड म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा) सुरू होतो. बरोब्बर पकडलंत तुम्ही. पत्रांचा ढीग आला, काहींनी नुसतं 'ताई हे चुकलंय' एवढंच लिहिलंय, काहींनी सोबत आपापला अडलेला कोड पाठवलाय. चूक कबूल, म्हणून यावेळचं सदर सगळं याच विषयाला देते. जागेअभावी कोड जसाच्या तसा छापत नाही, शब्दांत सांगते, तुम्ही टाइप करून बघा.

प्रश्न: ताई, मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत 'आउटपुट लिहा' हमखास येतं. एक पालक क्लास, त्याला एक्स्टेंड करणारा बाल क्लास, दोघांत एकेक स्टॅटिक ब्लॉक, एकेक साधा ब्लॉक म्हणजे नुसत्या महिरपी कंसातला, आणि एकेक कन्स्ट्रक्टर, सगळीकडे एकेक प्रिंट. क्रम मी पाठ करते पण पेपरात गोंधळ होतो. मागच्या वेळी तर पाठ केलेलं बरोबर आठवलं तरी मार्क गेले, कारण सरांच्या बरोबर उत्तरात मेनमधली ओळ सगळ्यात वर होती. असं कसं?

उत्तर: पाठ करू नकोस बाई, इथे दोन वेगळी कामं चाललेली असतात आणि तू दोन्हीची एकच यादी करून पाठ करतेस म्हणून गोंधळ होतो. क्लास तयार होणं हे एक काम, ते एकदाच होतं. ऑब्जेक्ट तयार होणं हे दुसरं, ते जितक्या वेळा न्यू लिहिशील तितक्या वेळा होतं.

आधी क्लासचं बघू. तू जावा कमांड दिलीस की जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं जावा व्हर्च्युअल मशीन, मेन असलेला क्लास शोधून मेमरीत आणतं, बाइटकोड, म्हणजे कम्पायलरने बनवून ठेवलेला कोड, धड आहे का ते तपासतं, आणि मग स्टॅटिक फील्डांना, म्हणजे एकेका ऑब्जेक्टच्या नाही तर क्लासच्याच नावावर असलेल्या किमतींना, जागा देऊन त्या जागेत शून्य भरतं. आकडा असेल तर ०, बूलियन असेल तर फॉल्स, ऑब्जेक्टचा रेफरन्स असेल तर नल, म्हणजे काहीच नाही. तू कोडमध्ये लिस्ट बनवून ठेवलेली असली तरी या घडीला तिथे नलच असतो, हे डोक्यात पक्कं बसव, पुढची सगळी कोडी यावरच आहेत. त्यानंतर इनिशियलायझेशन, म्हणजे स्टॅटिक फील्डांना तू दिलेल्या किमती आणि स्टॅटिक ब्लॉक, हे दोन्ही फाइलमध्ये वरून खाली ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने चालतात, आधी सगळी फील्डं आणि मग सगळे ब्लॉक असं नाही. आणि क्लासला पालक असेल तर त्याचं हे सगळं आधी उरकतं. एवढं झालं की मग कुठे मेनची पाळी.

आता न्यू. मेमरी मिळते, तिथेही आधी शून्य. मग कन्स्ट्रक्टर, म्हणजे नवा ऑब्जेक्ट मांडून देणारा कोड, बोलावला जातो, पण त्याची पहिली ओळ सुपर, म्हणजे पालकाच्या कन्स्ट्रक्टरला हाक, असते, तू लिही नाहीतर नको लिहू, कम्पायलर घालतोच. त्यामुळे आपण कन्स्ट्रक्टरच्या दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच वर पालकाकडे जातो, तिथून त्याच्या पालकाकडे, पार वर ऑब्जेक्ट क्लासपर्यंत, आणि मग खाली येताना प्रत्येक पायरीवर त्या क्लासची साधी फील्डं आणि साधे ब्लॉक वरून खाली, आणि त्यानंतर त्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधला उरलेला मजकूर. म्हणजे बालच्या कन्स्ट्रक्टरला हाक पहिली जाते पण त्यात तू लिहिलेलं प्रिंट छापलं जातं सगळ्यात शेवटी.

मेन बाल क्लासमध्येच असेल आणि त्यात एक प्रिंट आणि मग दोनदा न्यू असेल तर आउटपुट असं: पालक स्टॅटिक, बाल स्टॅटिक, मेन, मग पालक ब्लॉक, पालक कन्स्ट्रक्टर, बाल ब्लॉक, बाल कन्स्ट्रक्टर, आणि हे शेवटचे चार पुन्हा एकदा. स्टॅटिकवाले पुन्हा येत नाहीत.

तुझे मार्क गेले ते बहुतेक मेन तिसऱ्याच क्लासात होता म्हणून. जेव्हीएम आळशी आहे, बाल क्लासला कोणी खरोखर हात लावेपर्यंत ते त्याचे स्टॅटिक ब्लॉक चालवतच नाही. मेनमधलं पहिलं प्रिंट होऊन गेलं, मग न्यू आलं, मग कुठे पालक स्टॅटिक, बाल स्टॅटिक. पेपर हातात पडला की मेन कुठल्या क्लासात आहे ते सगळ्यात आधी बघायचं.

तुला खात्रीच करायची असेल तर जेडीकेबरोबर, म्हणजे जावा डेव्हलपमेंट किटबरोबर, जावापी नावाचं टूल येतं, त्याला मायनस सी देऊन तुझी क्लास फाइल उघड. स्टॅटिकचं सगळं एका वेगळ्या मेथडमध्ये गोळा केलेलं दिसेल, जावापी तिला नुसतं स्टॅटिक आणि महिरपी कंस असं दाखवतं, पण क्लास फाइलमधलं तिचं खरं नाव सीएलइनिट. आणि साधे ब्लॉक तर स्वतंत्र उरतच नाहीत, कम्पायलर ते उचलून प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या लगेच खाली चिकटवतो. धिस वापरून दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला बोलावणारा जो असतो त्यात मात्र चिकटवत नाही, नाहीतर ब्लॉक दोनदा चालला असता. हे एकदा डोळ्याने पाहिलं की पाठांतर सुटतं, माझं तरी सुटलं.

प्रश्न: मी एक सिंगलटन, म्हणजे ज्याचा एकच ऑब्जेक्ट बनतो असा क्लास, लिहिला. पहिल्या ओळीत स्टॅटिक फील्ड 'एकमेव', त्यात न्यू करून ऑब्जेक्ट ठेवला. दुसऱ्या ओळीत स्टॅटिक इंट 'मोजणी', त्याला ० दिला. कन्स्ट्रक्टरमध्ये मोजणी एकने वाढवतो. शेवटी छापलं तर ०. कन्स्ट्रक्टर चालतो हे नक्की, आत प्रिंट टाकून पाहिलं, तिथे १ दिसतो. मग सहज दोन ओळींची अदलाबदल केली तर १ यायला लागला. ही काय जादू आहे?

उत्तर: जादू नाही, वरच्या उत्तरातलंच आहे. ओळी वरून खाली चालतात आणि तुझी पहिली ओळच न्यू आहे. तोवर मोजणीमध्ये जेव्हीएमने भरलेला ० आहे, कन्स्ट्रक्टरने त्याचा १ केला, बरोबर. मग दुसरी ओळ आली, तिने तुझ्या हुकमाप्रमाणे त्यात ० ठेवला. पुसलं गेलं.

गंमत आता पुढे आहे. ओळी मूळ क्रमानेच ठेव आणि दुसऱ्या ओळीतलं 'इज इक्वल टू शून्य' तेवढं काढून टाक, नुसतं स्टॅटिक इंट मोजणी. आता १ येईल. कारण किंमत द्यायची ओळच उरली नाही, पुसणार कोण. म्हणजे जे लोक म्हणतात ना की फील्डला शून्य द्या किंवा देऊ नका काही फरक पडत नाही, त्यांना हा प्रोग्राम दाखव. मला स्वतःला उगाच शून्य आणि नल लिहून ठेवायची सवय आवडत नाही, आणि त्याचं एक कारण हेच.

तुला वाटेल की मोजणी खाली जाहीर केलीय आणि वरच्या ओळीतून वापरली तर कम्पायलरने अडवायला पाहिजे. तो अडवतो पण फक्त समोरासमोर दिसलं तर. वरच्या स्टॅटिक फील्डला किंमत देताना खालच्या फील्डचं नाव थेट वाचलंस तर इल्लीगल फॉरवर्ड रेफरन्स म्हणून कम्पाइलच होणार नाही. तेच वाचणं एखाद्या मेथडमधून किंवा कन्स्ट्रक्टरमधून केलंस की तो आत डोकावून बघत नाही, सोडून देतो, आणि तुला शून्य मिळतं.

प्रश्न: नोकरीला लागून दोन वर्षं झाली. आमच्या बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'तयारी' नावाची मेथड बोलावतात, आणि प्रत्येकाने आपल्या क्लासात ती ओव्हरराइड करायची, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहायची, असा रिवाज आहे. मी माझ्या क्लासात एक लिस्ट फील्डमध्येच न्यू अरेलिस्ट करून ठेवली आणि तयारीमध्ये त्यात आयटम घातले, तर नलपॉइंटरएक्सेप्शन. लिस्ट तर वरच्याच ओळीत बनवलीय, डोळ्यासमोर आहे, नल कशी? सीनियर म्हणाले फील्ड फायनल कर, म्हणजे एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलता येणार नाही असं, केलं, तरी तेच.

उत्तर: हा प्रश्न वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली, तिथेही असाच रिवाज होता आणि असाच एक दिवस मी डीबगरसमोर काढला होता.

तुमचा ऑब्जेक्ट बनताना आधी बेसचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, त्यानंतर तुमच्या फील्डांची पाळी. पण जावात ओव्हरराइड केलेली मेथड ऑब्जेक्ट खरा कुठल्या क्लासचा आहे ते बघून निवडली जाते, आणि ऑब्जेक्ट पहिल्या क्षणापासून तुमच्याच क्लासचा असतो. म्हणून बेसने तयारी म्हटलं की तुमची तयारी चालते, जेव्हा तुमची लिस्ट अजून बनलेलीच नाही, तिथे सुरुवातीचा नल बसलेला आहे. फायनल केल्याने ओळींचा क्रम बदलत नाही, त्यामुळे फायनल फील्डसुद्धा नल दिसतं. याला एक अपवाद आहे आणि तो लोकांना आणखी चकवतो. फील्ड फायनल असेल आणि त्यात थेट अवतरणातली स्ट्रिंग किंवा साधा आकडा असेल तर कम्पायलर वापराच्या जागी ती किंमतच छापून टाकतो, मग तयारीमध्येही ती व्यवस्थित दिसते. कोणीतरी पुढे फायनल काढून टाकतं आणि त्या दिवशी नल किंवा शून्य दिसायला लागतं, आणि शोधणाऱ्याला वाटतं की एवढ्याशा बदलाने काय होणार.

याहून वाईट प्रकार सांगते. समजा तुमच्या फील्डला तुम्ही 'इज इक्वल टू नल' असं हौसेने लिहून ठेवलंय आणि तयारीमध्ये त्याला खरी किंमत देता. बेसचा कन्स्ट्रक्टर चालताना तयारीने किंमत दिली, एक्सेप्शन वगैरे काही नाही, सगळं छान, आणि मग तुमच्या फील्डांची पाळी आली तेव्हा त्या ओळीने पुन्हा नल ठेवला. सिंगलटनवाल्या प्रश्नातलीच चूक, फक्त स्टॅटिकच्या जागी साधं फील्ड.

उपाय म्हणाल तर कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकेल अशी मेथड बोलवायचीच नाही. प्रायव्हेट किंवा फायनल मेथड चालेल, बाकी काम ऑब्जेक्ट पूर्ण बनल्यावर वेगळी मेथड बोलावून करा. टीमला पटवणं अवघड आहे हे मला माहितीये, रिवाज मोडायला कोणी तयार नसतं, पण निदान तुमच्या क्लासात तरी लिस्ट तयारीच्या आतच बनवा आणि फील्डच्या ओळीत काही देऊ नका, फायनलही अर्थातच काढावं लागेल.

एक नवीन वाटही आहे. सुपरच्या आधी कन्स्ट्रक्टरमध्ये काहीच लिहिता येत नाही हा नियम आपण वर्षानुवर्षं ऐकलाय, तो आता सैल झालाय. जावा २२ मध्ये तो बदल प्रीव्ह्यू म्हणून आला आणि सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये पक्का झाला. आता सुपरच्या आधी आर्ग्युमेंट तपासता येतात आणि स्वतःच्या क्लासच्या फील्डला किंमतही देता येते, अट एवढीच की त्या फील्डच्या ओळीतच किंमत दिलेली नको. म्हणजे लिस्ट आधी बनवा, मग सुपर म्हणा, तयारी चालेल तेव्हा लिस्ट जागेवर असेल, आणि फायनल ठेवायची असेल तर तीही ठेवता येईल. तुमचा प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीवर असेल तर अर्थात उपयोग नाही.

प्रश्न: एका क्लासात स्टॅटिक फायनल इंट 'मर्यादा' आहे १०० आणि खाली स्टॅटिक ब्लॉकमध्ये प्रिंट आहे. दुसऱ्या क्लासातून मर्यादा छापली तर १०० येतं पण ब्लॉकमधलं प्रिंट येतच नाही. क्लासला हात तर लावला ना मी?

उत्तर: नाही लावलास. मर्यादा ही कम्पाइलच्या वेळीच ठरलेली किंमत आहे, कम्पायलरने ती उचलून तुझ्या दुसऱ्या क्लासात थेट १०० म्हणून लिहून टाकली. चालताना तो पहिला क्लास लागतच नाही, त्याची क्लास फाइल डिलीट करून बघ, प्रोग्राम तरीही चालेल. आता इंटच्या जागी इंटीजर, म्हणजे इंटचा ऑब्जेक्टवाला प्रकार, कर, किंवा १०० ऐवजी एखाद्या मेथडचं उत्तर ठेव, लगेच ब्लॉक छापला जाईल कारण आता ती किंमत खरोखर क्लासकडे जाऊन आणावी लागते.

यातून एक भलताच बग निघतो. मर्यादा १०० ची २०० केली, फक्त तेवढीच फाइल कम्पाइल केली, दुसरा क्लास जुनाच राहिला, तर तो खुशाल १०० च छापत बसतो. पूर्ण बिल्ड करा म्हणतात ते उगाच नाही.

आणखी थोडं जाता जाता. त्या क्लासचा ॲरे बनवला तरी स्टॅटिक ब्लॉक चालत नाही, कारण ॲरे म्हणजे नुसते रिकामे खण. नावापुढे डॉट क्लास लिहिलं तरी नाही. क्लास डॉट फॉरनेम केलं तर मात्र चालतो. आणि बाल क्लासच्या नावाने पालकाचं स्टॅटिक फील्ड वाचलं, म्हणजे लिहिताना बाल डॉट काहीतरी, पण फील्ड जाहीर केलंय पालकात, तर फक्त पालकाचा ब्लॉक चालतो, बालचा नाही. मुलाखतीत हे विचारतात, का विचारतात देव जाणे.

प्रश्न: जुन्या प्रश्नसंचात लिहिलंय की मेन न लिहिताही स्टॅटिक ब्लॉकमधून प्रोग्राम चालवता येतो. माझ्याकडे चालत नाही.

उत्तर: प्रश्नसंच खरंच जुना आहे. जावा ६ पर्यंत चालायचं, आधी ब्लॉक चालायचा आणि मग मेन सापडत नाही अशी एरर यायची, ती येऊ नये म्हणून लोक ब्लॉकच्या शेवटी सिस्टिम डॉट एक्झिट टाकायचे. जावा ७ पासून लाँचर, म्हणजे जावा कमांड, आधी मेन आहे का बघतो, नसेल तर तिथेच थांबतो. ते पान फाडून टाक. उलट आता नवीनच गोष्ट आहे, जावा २५ मध्ये मेन स्टॅटिक नसला तरी चालतो, आणि तसा असेल तर जेव्हीएमला आधी तुझ्या क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवावा लागतो, म्हणजे तिथे कन्स्ट्रक्टरही मेनच्या आधी चालतो. मागच्या अंकातलं माझं वाक्य आता आणखीनच चुकीचं ठरलं.

प्रश्न: आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये नोक्लासडेफफाउंडएरर येतंय, पुढे 'कुड नॉट इनिशियलाइज क्लास' आणि आमच्याच एका क्लासचं नाव. जार, म्हणजे क्लास फाइलींचं गाठोडं, दहा वेळा उघडून पाहिला, क्लास आत आहे. क्लासपाथ, म्हणजे क्लास शोधायच्या जागांची यादी, बरोबर आहे. दोन दिवस गेलेत यात.

उत्तर: जार बंद करा, जारमध्ये काही नाहीये. एररच्या नावाने फसवलंय तुम्हाला. नावापुढचा मेसेज नीट वाचा, क्लास सापडला नाही असं तो म्हणतच नाहीये, इनिशियलाइज करता आला नाही असं म्हणतोय.

होतं असं की त्या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये किंवा एखाद्या स्टॅटिक फील्डला किंमत देताना एक्सेप्शन आलं, समजा सेटिंगच्या फाइलमधला आकडा वाचताना तिथे रिकामी स्ट्रिंग होती. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर येतं आणि त्याच्या खाली खरं कारण अगदी ओळ क्रमांकासकट असतं. पण क्लास तयार करायचा प्रयत्न जेव्हीएम एकदाच करतं, एकदा फसला की त्या क्लासवर खराब असा शिक्का बसतो आणि त्यानंतर जो कोणी त्याला हात लावेल त्याला नोक्लासडेफफाउंडएरर मिळतं. सर्व्हर चालू राहतो, दर रिक्वेस्टला ही दुसरी एरर येत राहते, लॉग तिनेच भरून जातो आणि पहिली वर कुठेतरी गाडली जाते, कधीकधी तर लॉगची फाइल बदलल्यामुळे कालच्या फाइलमध्ये असते. अलीकडच्या जेडीकेमध्ये दुसऱ्या एररलाही मूळ कारण जोडून देतात, तुमचा जुना असणार. तेव्हा सर्व्हर सुरू झाल्यापासूनचा लॉग काढा आणि ती पहिली एरर शोधा. सापडत नसेल तर रीस्टार्ट करून पहिल्याच वेळी पकडा, कारण दुरुस्त केल्यावर रीस्टार्ट तसाही लागणारच आहे, शिक्का चालू सर्व्हरवर पुसला जात नाही.

आणि फाइल वाचणं, नेटवर्कवर जाणं असली कामं स्टॅटिक ब्लॉकमध्ये ठेवू नका हो. ती कधी चालतील हे कोणी पहिला हात लावला त्यावर ठरतं, आणि फसली तर असं होतं.

प्रश्न: दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन कामांनी, एकाच वेळी क्लासला हात लावला तर स्टॅटिक ब्लॉक दोनदा चालेल का?

उत्तर: नाही, जेव्हीएम त्यासाठी कुलूप ठेवतं. एक थ्रेड काम करतो, दुसरा थांबतो, आणि हे भरवशाचं आहे म्हणूनच सिंगलटनसाठी आत एक छोटा स्टॅटिक क्लास करून त्यात ऑब्जेक्ट ठेवायची पद्धत आहे, सिंक्रोनाइज्ड, म्हणजे स्वतः कुलूप लावायचा शब्द, न लिहिता काम होतं. मात्र क्लास अ च्या स्टॅटिक ब्लॉकला ब लागतो, ब च्या ब्लॉकला अ लागतो, आणि एका थ्रेडने अ पासून तर दुसऱ्याने ब पासून सुरुवात केली तर दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकू शकतात. एकाच थ्रेडमध्ये हीच भानगड असेल तर तो अडकत नाही, अर्धवट क्लास तसाच वापरून पुढे जातो, आणि तिथे काय दिसतं ते आता तुम्हीच सांगा. बरोबर, शून्य.